माला-एन (रोजची गर्भनिरोधक गोळी) चालू असताना मधेच रक्ताचे डाग, त्यात कानबाईचा सण. बाईला काय सांगावं?

तापीकाठची_आशा
चोपडा तालुका. एकीचं माला-एनचं दुसरं पाकीट चालू आहे. पांढऱ्या गोळ्या असतानाच चार दिवस डाग पडताहेत, सासू म्हणते बंद कर. शिवाय तिच्या पाकिटातल्या शेवटच्या लोहाच्या गोळ्या, म्हणजे पाळीचे दिवस, नेमके कानबाईच्या रविवारी येतात आणि देवीचे रोट (नैवेद्य) त्यांच्याच घरी आहेत, पाळीत शिवता येत नाही. दुसरीला अंतराचं (गर्भनिरोधक इंजेक्शन) दुसरं इंजेक्शन दिलंय. दोन महिने झाले, 'पाळी उनी नही' (आली नाही) म्हणून सगळं घर घाबरलंय. दोघींना नेमकं काय सांगू?

सिस्टर_यावल
आधी पाकीट हातात घ्या. मागची पन्नी किती कप्प्यांची फुटलीय ते मोजा आणि सुरू केल्याच्या तारखेशी जुळवा. 'रोज घेते' म्हणणाऱ्या बाईच्या पाकिटात दोन गोळ्या जास्त निघाल्या की डागांचं कारण तिथेच सापडतं.

गोळ्या बरोबर निघाल्या तर पहिल्या तीन महिन्यांत असे डाग पडतातच. एका पांढऱ्या गोळीत ०.०३ मि.ग्रॅ. एथिनिल एस्ट्राडायोल आणि ०.१५ मि.ग्रॅ. लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. त्याने बीज सुटत नाही, गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं आणि अधूनमधून थोडं थोडं सुटतं. आज सकाळी, उद्या रात्री असं घेतलं की जास्तच. जेवणानंतरची एक वेळ ठरवून द्या. मधेच बंद केली तर डाग थांबणार नाहीत, उलट दोन-तीन दिवसांत पुरतं अंगावर जाईल आणि दिवस राहण्याची भीती वेगळी.

एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच, बाकीच्या रोजच्या वेळी, आणि ७ दिवस निरोध. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर पांढऱ्या संपवून लोहाच्या ७ सोडायच्या आणि नवं पाकीट लावायचं. टीबीची औषधं चालू आहेत का तेही विचारा, रिफाम्पिसिनने या गोळीचा असर कमी होतो.

धुळे_मेडिकल
कानबाईचं सोपं आहे. लोहाच्या गोळ्यांत जे जातं ती खरी पाळी नव्हेच, हार्मोन थांबल्यामुळे येणारा रक्तस्राव आहे. २१ पांढऱ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी सुरू, मधे खंड नाही. थोडे डाग पडू शकतात, म्हणून अगदी कोरडं राहील असा शब्द देऊ नका. पुढचं पाकीट आत्ताच देऊन ठेवा.

सिस्टर_यावल
आणि त्या महिन्यात लोहाची गोळी वेगळी द्या. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आधीच रडकं.

नंदुरबार_पीएचसी
अंतरावर पाळी न येणं हा त्या औषधाचाच परिणाम. त्यात १५० मि.ग्रॅ. डीएमपीए हे हार्मोन असतं, दर तीन महिन्यांनी. सुरुवातीला वेडेवाकडे डाग पडतात, पुढे वर्षभरात बऱ्याच जणींची पाळी बंद होते. अस्तरच तयार होत नाही, त्यामुळे 'घाण आत साठते' हा समज खोटा. कार्डावरची तारीख बघा, इंजेक्शन वेळेवर असेल तर काळजी नको. पुढच्याला ४ आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, त्यापुढे गेलं तर दिवस राहिलेत का याची आधी लघवीची तपासणी. टोचल्यावर ती जागा चोळू देऊ नका. वर्षभरात मूल हवं असेल तर मात्र अंतरा नको, सोडल्यावर दिवस राहायला उशीर लागतो.

८ दिवसांच्या वर किंवा नेहमीच्या दुप्पट रक्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

तापीकाठची_आशा
आभार. तिसरी एक आहे, काहीच घेत नाही. कानबाईसाठी मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आणू का विचारते.

धुळे_मेडिकल
ती नॉरएथिस्टेरॉन ५ मि.ग्रॅ., दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या ३ दिवस आधीपासून. आदल्या रात्री धावत येऊन घेतली तर उपयोग होत नाही, गिऱ्हाईक नंतर दुकानदाराशी भांडतं. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. चिठ्ठीशिवाय घेऊ नये: रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर चालत नाही. अशी चार दिवस घेतली म्हणजे दिवस राहणार नाहीत असंही नाही.

सिस्टर_यावल
माला-एनवालीला एवढं बजावून ठेवा: एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली किंवा अचानक दिसेनासं झालं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. कानबाईचं विसर्जन होईपर्यंत थांबायचं नाही.