रिकव्हरी शब्दांचा स्क्रीनशॉट नको

बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी ठेवायला नवख्याने मोफत मोबाइल वॉलेटपासून, म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपपासून, सुरुवात करावी, हे इथे एकाने मांडलेले मत मला मान्य आहे. मात्र रिकव्हरी शब्दांचा, म्हणजे वॉलेट परत उभे करायच्या शब्दांचा, स्क्रीनशॉट काढून ठेवण्याच्या त्याच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. वॉलेटमध्ये नाणी नसतातच, ती ब्लॉकचेनवरील, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक डिजिटल वहीतील, नोंदी असतात. वॉलेट सांभाळते ती खाजगी किल्ली, म्हणजे नाणी खर्च करू देणारा गुप्त आकडा, आणि बहुतेक वॉलेटांत २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून आलेले ते १२ किंवा २४ शब्द ज्याच्या हाती लागतील, त्याला ती किल्ली कुठल्याही फोनवर पुन्हा तयार करता येते. फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील, तर हे शब्दही चढले. म्हणून ते कागदावर, क्रमांक घालून, हाताने लिहावेत. नाणी जिथे विकत घेतली त्या एक्स्चेंजवरच, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारावरच, ती ठेवणे सोपे खरे, पण २०१४ मध्ये माउंट गॉक्स आणि २०२२ मध्ये एफटीएक्स ही एक्स्चेंज बुडाली, तेव्हा ग्राहकांकडे किल्ली नव्हती, कंपनीकडून नुसते येणे होते. रक्कम वाढल्यावर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर सांभाळणारे छोटे उपकरण, घ्यावे, तेही थेट उत्पादकाकडून. खोक्यात आधीच शब्द भरलेले कार्ड निघाले, तर ते उपकरण वापरूच नये. मी स्वतः आधी अगदी थोडी रक्कम पाठवली, वॉलेट पुसले आणि कागदावरून परत उभे करायला गेलो, तेव्हा सातव्या शब्दातले एक अक्षर चुकलेले सापडले.