खिंड लढवायचीय, पण रिॲक्शन एकच!

वीसबाजू (धागाकर्ता):

गेल्या शनिवारची गोष्ट. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, सगळे पाचव्या लेव्हलला. पार्टी, म्हणजे आमची पात्रं, जखमी विझार्डला (जादूगाराला) उचलून मागे सरकत होती. पंधरा फूट रुंद दगडी पूल आणि पलीकडून दहा ऑर्क. आमचा फायटर पुलाच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी बघतो यांच्याकडे." मराठी टेबलावर एवढं म्हटलं की पुरतं. पुढे तोफांचे आवाज ज्याचे त्याला ऐकू येतात.

आणि मग नियम आडवे आले. एका राउंडला (लढाईच्या एका फेरीला) एकच रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत द्यायचं झटपट उत्तर. पहिला ऑर्क शेजारून निसटला, त्याच्यावर वार झाला, संपलं. उरलेले नऊ जण लग्नातल्या पंगतीसारखे दोन्ही बाजूंनी ओळीने निघून गेले आणि विझार्डवर तुटून पडले. फायटर पुलावर एकटा. खेळणारा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

तर डीएम (खेळ चालवणारा) म्हणून मी काही घरचे नियम लिहिलेत. त्यातला मुख्य मी 'खिंड' म्हणतो. आपल्या टर्नला हालचाल पूर्ण सोडून 'जागा धरली' असं जाहीर करायचं. मग पुढच्या टर्नपर्यंत जवळून निसटणाऱ्या प्रत्येक शत्रूवर एक वार, रिॲक्शन न खर्चता. बदल्यात तोवर तुमच्यावरच्या प्रत्येक वाराला ॲडव्हान्टेज (वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा). दुसरा नियम वर्णनाचा: झुंबराला लटकून, टेबल उलथवून, काही रंगवून सांगितलंत तर ॲडव्हान्टेज. तिसरा: वाराच्या फाशावर वीस पडला (म्हणजे क्रिट) तर माराचा एक फासा पूर्ण भरलेला धरायचा आणि दुसरा टाकायचा, एक पडला तर शस्त्र हातातून उडालं.

सोलून काढा.

गणिती कावळा:

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो नियम जवळजवळ प्रत्येक टेबलावर असतो आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर चुकीचा असतो.

एक पडला की शस्त्र उडालं. बरं. पाचव्या लेव्हलचा फायटर दोन वार करतो, म्हणजे दर टर्नला ९.७५ टक्के वेळा तो बावळट ठरणार. विसाव्या लेव्हलला चार वार, म्हणजे साडेअठरा टक्के. जितका निष्णात, तितका धांदरट! आणि विझार्ड? फायरबॉल टाकताना तो अटॅकचा फासा टाकतच नाही, सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, समोरचे टाकतात. त्याच्या हातून कधीच काही पडणार नाही. तुमचं फायटरवर प्रेम आहे असं धाग्यावरून दिसतं, मग ही शिक्षा त्यालाच का?

वीस पडण्याचं तर त्याहून वाईट. राक्षस तुमच्यापेक्षा जास्त आणि ते रोज नवे. तुमचं पात्र एकच. पहिल्या लेव्हलचा ७ एचपीचा (जिवाचे गुण) विझार्ड घ्या आणि एक साधा गॉब्लिन, मार १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक दोन). मूळ नियमात क्रिट म्हणजे २डी६+२. पूर्ण बरा असलेला विझार्ड एका क्रिटमध्ये जागच्या जागी मरायला १४ (एचपीच्या दुप्पट) लागतात, म्हणजे दोन्ही फाशांवर सहा: ३६त एकदा. तुमच्या नियमात एक सहा आधीच धरलेला, दुसरा पडला की खेळ खलास: ६त एकदा. सहापट.

अवांतर: पुलावर ऑर्क होते हे नशीब. गॉब्लिन असते तर बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली छोटी जादा कृती) डिसएंगेज करून, म्हणजे वार न खाता निसटून, तो पहिला वारही होऊ दिला नसता.

जुना पापी:

तुम्ही मंडळी प्रत्येक गोष्टीला नियम का शोधता, हेच मला कळत नाही. १९७९च्या डीएमच्या पुस्तकात मारामारीचा एक राउंड एका मिनिटाचा होता. एक फासा म्हणजे एक घाव नव्हे. मिनिटभराची रेटारेटी, हुलकावण्या, दोन पावलं मागे, एक पुढे आणि त्यातून सापडलेली एक संधी. त्या मिनिटात काय काय घडलं ते सांगायला कोणाची परवानगी लागत नसे. आता राउंड सहा सेकंदांचा, आणि सहा सेकंदांत काय बसतं याचे हिशोब. सिनेमा नियमात नसतो, तो डीएमच्या तोंडात असतो. पुलावर फायटर उभा राहिला ना? मग डीएमने म्हणायचं, "ऑर्क थबकले." झालं. ऑर्कला काय जिवाची भीती नसते?

वीसबाजू:

@जुना पापी: काका, "ऑर्क थबकले" मी म्हणू शकलो असतो, खरं आहे. पण मग पूल फायटरने नाही, मी लढवला. त्याने धोका पत्करला नाही, फासा टाकला नाही. पुढच्या वेळी तो माझ्या तोंडाकडे बघणार, स्वतःच्या कागदाकडे नाही.

तोंडावळी:

पहिल्यांदाच लिहितेय. मी रोग, म्हणजे चोरटं पात्र, खेळते (हो, देवनागरीत लिहिलं की पात्र दवाखान्यातून आल्यासारखं वाटतं, माहीत आहे).

मला दुसऱ्या नियमाबद्दल बोलायचंय. आमच्या टेबलावर हा नियम वर्षभर होता. आमच्यातला एक जण प्रायोगिक नाटकात काम करतो. तो उभा राहून दोन मिनिटं अंगविक्षेप करायचा आणि त्याला दरवेळी ॲडव्हान्टेज मिळायचा. मी मनात चांगलं चित्र बघते, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की "मी, अं, मारते" एवढंच निघतं. माझ्या पात्राचं डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ आणि माझी जीभ अडखळते म्हणून ते पात्र बावळट. ताकदवान पात्र खेळणाऱ्याला कोणी आधी जोर मारून दाखव म्हणतं का?

गणिती कावळा:

@तोंडावळी: शंभर टक्के. त्यात आणखी एक. वार लागायला फाशावर ११ लागत असतील तर ॲडव्हान्टेज ५० टक्क्यांचे ७५ करतो. एवढी मोठी वस्तू फुकट वाटली की ज्यांनी ती विकत घेतलीय त्यांचं काय? बार्बेरियनला दुसऱ्या लेव्हलला हेच मिळतं, पण किंमत देऊन: शत्रूलाही त्याच्यावर ॲडव्हान्टेज. शेजारचा झुंबराला लटकून तेच फुकटात घेतोय. तुमच्या टेबलावर बार्बेरियन असेल तर त्याला विचारा.

ठेंगू जादूगार:

मला हा सगळा खटाटोपच उलटा वाटतो. बैलगाडीला स्पॉयलर लावताय. फेंग शुई हा खेळ १९९६ साली हाँगकाँगच्या ॲक्शन सिनेमासाठीच बनवला. तिथे फालतू गुंड एका चांगल्या फटक्यात आडवे होतात, एचपी मोजत बसत नाहीत. थर्टीन्थ एजमध्ये (२०१३) दुसऱ्या राउंडपासून टेबलावर एक मोठा फासा १ वर ठेवतात आणि दर राउंडला वाढवत ६ पर्यंत नेतात. तेवढे पार्टीच्या प्रत्येक अटॅकमध्ये मिळवायचे. लढाई आपोआप चढत जाते. हे खेळ असताना पाचव्या आवृत्तीची डागडुजी कशाला?

परसदार:

कारण शनिवारी पाच माणसं जमवणं आधीच कठीण, त्यांना नवीन पुस्तक वाचायला लावणं अशक्य. हे एकच उत्तर आहे आणि ते पुरेसं आहे.

शिवाय तो थर्टीन्थ एजचा फासा उचलून इकडे आणला तर चालत नाही, हे मी स्वतः करून बसलोय. तिकडे जादूगारही अटॅकचा फासा टाकतो. इकडे त्याचे निम्मे मंत्र सेव्हवर, त्यामुळे +४ झाले तरी त्याला घंटा फायदा. आमची विझार्ड तिसऱ्या राउंडला मोबाईल बघायला लागली.

पण घरच्या नियमांना नावं ठेवणाऱ्यांसाठी: वीसवर जादा मार हा १९७४च्या पहिल्या पुस्तकांत नव्हता. लोकांनी घरोघरी सुरू केला, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत पर्यायी म्हणून आला आणि २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत अधिकृत झाला. बोनस ॲक्शनमध्ये औषध पिणं हेही असंच, २०२४मध्ये छापलं गेलं. आमच्या वाड्यात 'एक टप्पा आऊट' होतं ते जागा लहान म्हणून आणि 'जोशांच्या गॅलरीत गेला की आऊट' होतं ते जोशीकाकूंमुळे. नियम जागेला बघून होतो. फक्त तो टॉसच्या आधी सांगायचा, कॅच सुटल्यावर नाही.

वीसबाजू:

तिसरा नियम मागे घेतला. ६त एकदा हे मी कधी मांडूनच बघितलं नव्हतं. दुसराही बदलतो: वर्णनाचा जादा फासा नाही. काही वेगळं करायचं असेल तर "काय साधायचंय" एवढं एका वाक्यात सांगा, "अं" सकट चालेल. साधलं तर मार शून्य, त्याऐवजी तो परिणाम: शत्रू पडला, ढकलला गेला, डोळ्यांत वाळू गेली. @तोंडावळी, हे जमेल का?

पण खिंड सोडणार नाही. तिथे किंमत खरी आहे. फायटरचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८, ऑर्कचे फाशावर +५, म्हणजे वार लागायची शक्यता ४० टक्के, ॲडव्हान्टेजने ६४. पाच ऑर्क उलटून त्याच्यावरच आले तर सरासरी ३० एचपी एका राउंडमध्ये जातात, क्रिट न धरता. आमच्या फायटरचे ४४ आहेत. दीड राउंडात तो आडवा होणार. याला फुकट म्हणा बघू!

गणिती कावळा:

फुकट नाही, पण गळकं आहे. सहाव्या लेव्हलपर्यंत फायटर दोन फीट (खास कसबं) घेऊ शकतो. सेंटिनल: संधीचा वार लागला की समोरच्याचा स्पीड शून्य. पोलआर्म मास्टर: ग्लेव्ह (लांब दांड्याचं शस्त्र) घेऊन उभा असेल तर दहा फुटांच्या टप्प्यात शिरतानाच वार. तुमच्या खिंडीत हे दोन्ही टाका. ऑर्कचा एसी १३, याचे +६, म्हणजे दहातले सात ऑर्क दहा फुटांवरच थिजले. त्यांची कुऱ्हाड पोचतच नाही, मग तुमचा तो ॲडव्हान्टेज वापरणार कोण? फार तर भाले फेकतील. किंमत गेली, फायदा उरला.

दोन पर्याय. एक, जादा वार प्रोफिशियन्सी बोनसाएवढेच (लेव्हलसोबत वाढणारा आकडा): सहाव्या लेव्हलला तीन. दुसरा, जादा वार फक्त निसटणाऱ्यावर आणि शेजारच्या चौकोनातूनच. मी पहिला घेईन, कारण दहा ऑर्क आले तर सात निसटतातच आणि उरलेल्यांना पळावं लागतं.

जुना पापी:

बघा, शेवटी सात निसटले. मी म्हणालो होतो, थबकवा.

वीसबाजू:

दुसरा घेतो. तीन वारांनंतर तो पुन्हा पंगत मोजत उभा राहणार, तेच तर नको होतं. ग्लेव्हवाल्याने ग्लेव्ह खाली ठेवून तलवार काढावी, खिंड लढवायची तर एवढं जवळ जावंच लागेल. शनिवारी तोच पूल, तेच दहा ऑर्क, फायटरला आधीच सांगून ठेवलंय.

तोंडावळी:

वाळूवालं जमेल. पण एक विचारू? विझार्डला उचलून पळताना मी पण जागा धरली तर चालेल का, की खिंड फक्त फायटरची?

परसदार:

@तोंडावळी: एचपी किती आहेत तुमचे?

तोंडावळी:

३३. आणि त्यातले ९ उरलेत.

वीसबाजू:

चालेल. पण दुसरं पात्र बनवून आणा.