मदत हवी आहे : क्षयाचा संशय आहे, पण वडील म्हणतात लग्न होईपर्यंत नोंद नको

तालुक्याचा_दवाखाना :
मी सतरा वर्षांपासून तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे तीन पिढ्या येणाऱ्या एका घरात पुढच्या महिन्यात लग्न आहे आणि रुग्णाचा खोकला महिना झाला तरी थांबत नाही. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो. थुंकीत मात्र काही सापडले नाही. औषध गुपचूप सुरू करावे आणि निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद लग्नानंतर करावी, असे वडिलांचे म्हणणे आहे. पत्रिका वाटून झाल्या, हे सांगताना त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट पालथा घालून ठेवला. नोंद महिनाभर पुढे ढकलता येते का, एवढेच मला आजच कळायला हवे. ते सात वाजता येणार आहेत.

छातीविकार :
नोंदीचे नंतर पाहू, आधी निदान पक्के आहे का? थुंकी नुसती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी, केली? रुग्णाचे वय, मधुमेह आणि आतापर्यंत दिलेली अँटिबायोटिक्स, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

तालुक्याचा_दवाखाना :
वय २४, मधुमेह नाही. फक्त सूक्ष्मदर्शक तपासणी झाली आहे. पहिल्या भेटीत मी सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन दिले. ताप उतरला म्हणून मी निर्धास्त राहिलो, आणि दहा दिवसांत खोकला पुन्हा सुरू झाला.

छातीविकार :
लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही काम करते. त्यामुळे रुग्णाला तात्पुरता आराम पडतो, जंतू कमी होतात, काचपट्टीवर सापडत नाहीत आणि आपण सगळेच फसतो. सीबीनॅट सरकारी केंद्रात मोफत होते, आणि जंतू रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हेही त्यातच कळते.

जुना_जीपी :
आमच्या काळी एक्स-रे पाहून एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू करत असू आणि वजन वाढू लागले की निदान बरोबर ठरले असे समजत असू. आजही मी तेच सांगेन, वेळ घालवू नका.

छातीविकार :
सर, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण जंतू रिफाम्पिसिनला दाद न देणारा निघाला तर नेहमीची एकेटी अपुरी पडेल आणि ते महिने वाया जातील.

नियम_आणि_नोंद :
मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. क्षयाची नोंद खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या राजपत्राने ती न करणाऱ्यांवर कारवाईची तरतूद केली. पण नोंद म्हणजे गावात दवंडी नव्हे, हे वडिलांना समजावून सांगा.

आरोग्यसेविका :
नोंद झाली की पोषण आहारासाठी पैसे खात्यात जमा होतात. पूर्वी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आधार आणि बँक पासबुक आणायला सांगा.

साधा_प्रश्न :
डॉक्टर, लग्न नेमके कोणाचे आहे?

तालुक्याचा_दवाखाना :
रुग्णाचेच. मुलगी आहे. ‘छातीत कफ झालाय, एवढेच तिला सांगा,’ असे वडील म्हणाले, आणि मी अजून तिला स्पष्ट काही सांगितलेले नाही.

साधा_प्रश्न :
मग जिच्याशी बोलायला हवे तिच्याशी आपण बोललेलेच नाही. ती सज्ञान आहे. एकेटी सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. सासरी गेल्यावर ते पाहून ती कोणाला विचारणार? रिफाम्पिसिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही, हेही तिला लग्नाआधीच कळायला हवे.

जुना_जीपी :
सासरच्यांनाही सांगावे लागेल. रुग्णाचा आजार होणाऱ्या जोडीदाराला सांगणे गैर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल आहे.

नियम_आणि_नोंद :
तो निकाल एचआयव्हीबाबत होता. क्षय पूर्ण बरा होतो आणि नेमके औषध लागू पडले की संसर्गाची शक्यता झपाट्याने घटते. सासरी कोणी आणि केव्हा सांगायचे, हे आधी त्या मुलीला ठरवू द्या.

तालुक्याचा_दवाखाना :
वडिलांना बाहेर बाकावर बसण्याची विनंती केली आणि तिच्याशी एकटीशी बोललो. माझ्या औषधामुळे निदान लांबले असावे, हेही सांगितले. ती रडली नाही. ‘नवऱ्याला मीच सांगेन, पण दादाचा दोन वर्षांचा मुलगा माझ्याजवळ झोपतो, त्याचे काय?’ असे तिने विचारले. सीबीनॅटसाठी तिला डबी दिली आहे. त्या मुलासाठी काय करावे?

छातीविकार :
आजपासून त्याला वेगळे झोपवा. निदान पक्के झाले की त्याचे वजन, ताप, खोकला आणि एक्स-रे पाहा. त्याला आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करावे लागेल. सीबीनॅटचा अहवाल इथेच कळवा.