पिकागणिक बदलणारे गुणधर्म टेबलात कसे साठवावेत?

प्रश्न (वणी, जि. यवतमाळ):
तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवर आवक नोंदीची प्रणाली करीत आहे. कापसाला धाग्याची लांबी लागते, संत्र्याला बहार आंबिया की मृग हे लागते, हरभऱ्याच्या बियाण्याला उगवण चाचणीची तारीख लागते. ओलावा मात्र संत्रा सोडून सगळ्याच मालाचा मोजतात. दर हंगामात नवा कॉलम जोडावा लागू नये म्हणून मी ‘वक्कल (मालाचा एक लॉट), गुणधर्म, मूल्य’ असे टेबल केले आणि मूल्य व्हारकॅर, म्हणजे मजकुराच्या प्रकारात, ठेवले. परवा सोयाबीनची यादी ओलाव्याच्या उतरत्या क्रमाने काढली, तर ९.५ टक्क्यांचे वक्कल सर्वांत वर आणि आधी वाळवायला हवे ते १४ टक्क्यांचे खाली आले. रचनाच चुकली आहे का?

उत्तर १:
होय. मजकुराची तुलना अक्षरागणिक होते, म्हणून ९ पुढे १ लहान ठरतो. कास्ट (मजकुराचे संख्येत रूपांतर) वापरून क्रम सुधारेल, पण कोणी ‘बारा’ असे भरले तर मायएसक्यूएल केवळ इशारा देऊन त्याचे शून्य करते, आणि ओला माल सर्वांत कोरडा दिसतो. त्यापेक्षा संख्या, तारीख व मजकूर यांसाठी तीन स्वतंत्र कॉलम ठेवा. गुणधर्मांच्या टेबलात क्रमांक आणि प्रकार या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारे) घाला, तीच जोडी मूल्यांच्या टेबलात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणारा दुवा) म्हणून आणा, आणि प्रकार ‘संख्या’ असेल तेव्हा फक्त संख्येचाच कॉलम भरलेला असावा असे चेक बंधन (नोंद करताना अट तपासणारे) प्रत्येक प्रकारासाठी लिहा. नुसत्या फॉरेन कीने हे काम होत नाही.

उत्तर २:
भाऊ, उत्तर १ मधील रचना पटते, पण ओलावा त्यात टाकू नका. जे जवळजवळ प्रत्येक वक्कलाला लागते आणि ज्यावर रोज यादी निघते, ते मुख्य टेबलातच डेसिमल (दशांश संख्येचा) कॉलम म्हणून हवे. ज्या गुणधर्मांवर कधी शोध घ्यायचा नाही, ते जेसन कॉलममध्ये (नाव-मूल्यांच्या जोड्या एकत्र साठवणाऱ्या) ठेवले तरी चालेल.

प्रश्नकर्ता:
ओलावा आजच वेगळा काढला. चेक बंधनही लिहिले, पण मुद्दाम चुकीची नोंद केली तर ती बिनतक्रार स्वीकारली गेली. सर्व्हरवरील आवृत्ती ५.७ आहे.

उत्तर १:
मायएसक्यूएल ८.०.१६ पूर्वी चेक बंधन वाचते, पण पाळत नाही. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे, तेव्हा बॅकअप घेऊन आवृत्ती बदला; कापसाची आवक सुरू झाली असेल, तर तोपर्यंत इन्सर्ट (नवी नोंद) आणि अपडेट (नोंदीतील बदल) या दोन्हींवर ट्रिगर, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणारी तपासणी, लावा.