आलमट्टीला शिव्या घालून सांगलीचा पूर थांबणारे का?

कृष्णाकाठ: काल एकानं लिहिलंय, "कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची दारं वेळेत उघडली की सांगलीत पूर येणारच नाही". वाचून तिडीक गेली डोक्यात. 2019 ला आयर्विन पुलाखाली 57 फुटांच्या वर पाणी, धोका पातळी 45. पुराच्या अभ्यासाला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंच सांगितलं की तो पूर आलमट्टीमुळं नव्हता. वर पाऊस तसा कोसळला आणि खाली आपण निळ्या पूररेषेच्या आत, जिथं बांधायला बंदी तिथंच, मुरूम टाकून प्लॉट पाडले, त्याचं नाव कोण घेणार?

शिरोळकर: समितीचा कागद राहू द्या तिकडं. नरसोबाच्या वाडीत या, पाणी उतरायला किती दिवस लागतात ते बघा, मग बोला. आलमट्टीत आत्ता 519.60 मीटरपर्यंत पाणी अडवतात तर ही गत, उद्या कर्नाटकानं उंची वाढवून 524 केल्यावर पण पावसालाच दोष देणार काय?

पुणेरी_पगडी: मूळ मुद्दा वेगळाच आहे. इशारा आधी मिळतो, तरी लोक घर सोडत नाहीत आणि मग बोटी मागतात. 2019 ला ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना नेताना उलटलेली बोट विसरलात?

म्हशीवाला: ब्रह्मनाळ आमच्या शेजारचं गाव आहे, आम्हाला सांगू नका. म्हशी काय खिशात घालून न्यायच्या? छावणीत माणसाला चटई, जनावराला जागाच नाही. आमची गाभण म्हैस, दावं कापून सोडली तर पोहत जाऊन शेजारच्यांच्या जिन्यावर चढून बसली, चार दिवस गच्चीवरनं भिजलेला कडबा टाकत होतो तिला. आणि तुम्ही सकाळी चहात दूध कुणाचं घालता हो?

पुणेरी_पगडी: पिशवीचं. भावनिक होऊ नका.

शिरोळकर: पिशवी काय झाडाला लागती होय 😂

म्हशीवाला: म्हैस तरी पोहती. आमच्या चुलत्याची एचएफ जातीची गाय गोठ्यातच बुडून गेली. तीन महिन्यांनी पंचनाम्याला आले आणि म्हणतात फोटो दाखवा. माणसं गळ्याएवढ्या पाण्यात असताना गाईचा फोटो कोण काढतंय?

कृष्णाकाठ: अरे विषय काय, चाललाय कुठं! बरं, वैरणीसकट छावणी आधी लागायला पाहिजे होती, मान्य. आलमट्टीची उंची वाढवू नये हेही मान्य, खूश? पण शिरोळकर, तुमच्या मेव्हण्यानं नाल्याकडेला बंगला बांधलाय ना?

शिरोळकर: घरच्यांवर यायचं काम नाही. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती आहे तो.

कृष्णाकाठ: मग नदीला दाखवा की एनएची ऑर्डर.

पुणेरी_पगडी: ती म्हैस व्याली का शेवटी?

म्हशीवाला: व्याली. रेडा झाला.