सोसायटीच्या ग्रुपवर मुलाच्या ऑटिझमबद्दल लिहिलं. चूक केली का?

विक्रोळीची आई

आम्ही कन्नमवार नगरात राहतो. मुलगा १४ वर्षांचा, ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळे बोलणं, लोकांत मिसळणं, आवाज आणि स्पर्श सोसणं जड जातं. बोलणं मोजकंच: पाणी, नको, बस, आई चल.

जुलैमधली गोष्ट. दूधवाल्यासाठी सुट्टे आणायला आत वळले, दार उघडं राहिलं आणि तेवढ्यात हा अनवाणी खाली. गेटवर बदलीचा वॉचमन होता. नंतर रडवेला होऊन मला म्हणाला, "ताई, एवढा मोठा मुलगा, मला वाटलं पाव आणायला चाललाय." ५० मिनिटांनी सापडला. बस डेपोच्या तोंडाशी उकिडवा बसून गाड्यांची चाकं बघत होता. एका कंडक्टरने त्याला कडेला घेऊन पाणी दिलं होतं. नखशिखांत भिजलेला, पण अगदी शांत. माझे हात मात्र दोन दिवस थरथरत होते.

त्यानंतर गणपतीच्या आधी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. मुलाला ऑटिझम आहे, म्हणजे काय ते चार ओळींत सांगितलं आणि चार गोष्टी मागितल्या. लिफ्टमध्ये त्याने सगळी बटणं दाबली तर ओरडू नका. गेटबाहेर एकटा दिसला तर हात धरून ओढू नका, समोर उभे राहा, "बस बघू" म्हणा आणि मला फोन करा. मिरवणुकीचा ताशा आमच्या जिन्याखाली न वाजवता गेटपाशी वाजवा. आणि रविवारी सकाळी कुणाला दोन तास मोकळे असतील तर आमच्याकडे येऊन बसा, मला बाजारहाट करायचा असतो.

ताशा गेटवरच थांबला. मंडळाच्या मुलांनी मला विचारून वेळ ठरवली. दरवर्षी पलंगाखाली शिरणारा माझा मुलगा यंदा हेडफोन लावून खिडकीत बसला आणि आरतीच्या टाळ्या बघून त्यानेही टाळ्या वाजवल्या. तळमजल्याच्या काकू रविवारी येऊ लागल्या. दोन वर्षांनी मी एकटीने भाजी आणली.

पण घरात वादळ झालं. सासरे म्हणाले, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस. जाऊबाईंना मुलीच्या लग्नाची काळजी. ग्रुपवर एकीने लिहिलं, मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल. आणि खाली खेळणारी पोरं आता त्याला नावाने हाक मारत नाहीत, "ऑटिझमवाला" म्हणतात. हे मला फार लागलं.

तरी माझं मत असं, की सांगावं. आठवड्याचे १६८ तास. त्यातले २५ शाळेचे आणि दीड तास थेरपीचा. उरलेले सगळे घर, जिना, लिफ्ट आणि रस्त्यावर जातात. तिथे भेटणाऱ्या माणसांना काहीच माहीत नसेल तर मदत येणार कुठून?

दहिसरचा बाबा

ताई, तुमचं दुःख कळतं, पण मी स्पष्टच सांगतो, मी हे कधीच करणार नाही. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, बोलत नाही. "या घरातल्या मुलीला कुणी त्रास दिला तर ती सांगू शकणार नाही," हे ८४ फ्लॅटच्या ग्रुपवर मी स्वतःच्या हाताने का लिहू? त्या ग्रुपवर भाडेकरू आहेत, त्यांचे मित्र आहेत, ब्रोकरसुद्धा आहेत. मेसेज कुठवर पुढे जाईल याला धरबंध नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण कायदा घटना घडल्यावर येतो.

आमच्याकडे फक्त तीन माणसांना माहिती आहे: समोरचं कुटुंब, दिवसपाळीचा वॉचमन आणि खालचा इस्त्रीवाला, कारण तो सकाळपासून रात्रीपर्यंत गेटसमोर असतो. तिघांशी मी स्वतः उभं राहून बोललो. दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर दुसरी कडी बसवली. तिच्या फ्रॉकच्या आत शिवलेल्या पट्टीवर माझा नंबर आहे, नाव नाही. एवढं पुरेसं आहे. बाकी इमारतीला कळून काय होणार?

आणि रविवारी बसायला येणारी व्यक्ती? तुम्ही बाजारात, घरात ती आणि तुमचा मुलगा. त्या दोन तासांत काय झालं ते तुम्हाला तो सांगू शकतो का? काकू चांगल्याच असतील, पण हा प्रश्न आईबापांनी विचारायलाच हवा.

गिरगावातला सेक्रेटरी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. सहा वर्षं आमच्या इमारतीची कमिटी सांभाळतोय. वरच्या मजल्यावरून रात्री दोन-दोन वाजता धप धप आवाज यायचा. तक्रारी आल्या, आम्ही त्या कुटुंबाला लेखी नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या बाई खाली आल्या, नोटीस टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "तो भिंतीवर डोकं आपटतो. मी मध्ये उशी धरते, पण मलाही कधी झोप लागते." मला तिथे बसवेना. चार वर्षं आम्ही एकाच जिन्याने चढउतर करत होतो.

आधी माहीत असतं तर नोटीस निघाली नसती. नंतर आम्ही चौघांनी मिळून त्या भिंतीला जुन्या गाद्या ठोकून दिल्या, अर्ध्या दिवसाचं काम. दहिसरच्या बाबांची भीती खरी आहे, पण न सांगण्याचीही किंमत मोजावी लागते आणि ती रोज रात्री मोजावी लागते. ताशाबद्दलही सांगतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमांतच आहे. ते दाखवून भांडता आलं असतं, तरी यांनी विनंती केली आणि मंडळाने ऐकलं. नियम दाखवला असता तर पुढच्या वर्षी ताशा मुद्दाम जिन्याखाली आला असता, मी अशी मंडळं पाहिली आहेत.

मुलुंड, निवृत्त

माझा मुलगा ३४ वर्षांचा आहे. इथे सगळे शेजाऱ्यांबद्दल बोलताय, म्हणून अनुभव सांगतो. आमची जुनी इमारत म्हणजे त्याचं जग होतं. किराणावाला त्याच्या हातात बरोब्बर पारले-जी ठेवायचा, न्हावी त्याला आधी मशीन हातात धरू द्यायचा आणि तिसऱ्या खेपेला केस कापायचा. मग इमारत पुनर्विकासाला गेली. सगळे भाड्याच्या घरांत पांगले. परत यायला पाच वर्षं लागली, तोवर निम्म्या लोकांनी फ्लॅट विकले होते. नव्या २२ मजली टॉवरमध्ये त्याला ओळखणारं एकही माणूस उरलं नाही. मधल्या काळात आम्ही तीन घरं बदलली आणि प्रत्येक ठिकाणी तो पहिले काही महिने दारापाशी बसून "घरी चल" म्हणायचा.

मुंबईत शेजार टिकत नाही. म्हणून माझं म्हणणं, आधी कागद करा. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, आम्हाला प्रमाणपत्र मतिमंदत्वाचं घ्यावं लागलं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ते आलं. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. नॅशनल ट्रस्ट ही अशा मुलांसाठीची सरकारी संस्था, तिचा निरामय आरोग्य विमा घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात, त्यात थेरपीचा खर्चही बसतो आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि मुलाला १८ पूर्ण झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे फार जणांना बँकेच्या खिडकीवर कळतं. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. विक्रोळीच्या ताई, तुमच्याकडे चार वर्षं आहेत. मी ६८ चा आहे, काकू किती रविवार येतील याचा हिशेब मी करून बसलोय.

ओटीवाली ताई

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारी, भायखळ्याला मुलांबरोबर काम करते. मुलुंडच्या काकांचा कागदाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. प्रमाणपत्रासाठी आयएसएए म्हणून ऑटिझम किती आहे ते ठरवणारी ४० प्रश्नांची मोजणी असते, त्यात पालकांना खूप विचारतात. जाताना मुलाच्या घरातल्या वाईट दिवसाचा व्हिडिओ न्या. नेमकं तपासणीच्या दिवशी दवाखान्यात मूल शांत बसतं आणि अपंगत्वाचे टक्के कमी लागतात. ४० टक्क्यांखाली गेलं की सवलती हुकतात.

पण कागद मुलाला लिफ्टमधून खाली नेत नाही. विक्रोळीच्या आईच्या मेसेजमधली मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे "समोर उभे राहा, बस बघू म्हणा." अशी सूचना वॉचमनला लगेच कळते. व्याख्या कुणाच्या लक्षात राहत नाही, काय करायचं ते राहतं. ताशा या मुलांना नुसता मोठा लागत नाही, दुखतो. मूल कान दाबतं, कारण आपण जसा पोळलेला हात झटकतो तसंच त्याला होतं.

आणि "ऑटिझमवाला" म्हणतात म्हणून नाव लपवू नका. नाव दिलं नाही तर लोक स्वतः नाव ठेवतात, आणि ते "वेडा" असतं. त्या पोरांना त्याच्यासोबत एक काम द्या. बसचे नंबर त्याला पाठ असतील तर त्यांना सांगा, हा नंबर ओळखतो, तुम्ही विचारा.

परळ, २७

मला स्वतःला ऑटिझम आहे. निदान २१ व्या वर्षी झालं. वरचं सगळं वाचलं. मला ओटीताईंचं पटत नाही.

निदान झालं तेव्हा आईला फार हायसं वाटलं. इतकी वर्षं लोक हट्टी म्हणायचे, उद्धट म्हणायचे, आता कारण मिळालं. तिने चाळीतल्या अख्ख्या मजल्याला सांगितलं, मला न विचारता. त्या आठवड्यापर्यंत जे शेजारी मला "चहा घेणार का रे?" विचारायचे, ते मी समोर बसलेला असताना आईला विचारायला लागले, "तो चहा घेतो का?" सहा वर्षं झाली, अजून तसंच विचारतात. मी नोकरी करतो, घराचं वीजबिल मी भरतो.

माझ्या पाकिटात एक कार्ड आहे. मी स्वतः लिहून लॅमिनेट केलंय: "मला ऑटिझम आहे. गर्दीत मला बोलता येईनासं होतं. दोन मिनिटं थांबा." लोकलच्या दिव्यांग डब्यात कुणीतरी म्हणतंच, धडधाकट दिसतोस, उतर. तेव्हा मी ते दाखवतो. एकदा दाखवलं तरी कुर्ल्याला उतरवलं, पण बहुतेकदा चालतं. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलांची चित्रं असलेला, गळ्यात अडकवायचा पट्टा सुरू झाला, बाहेरून न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी. त्यातली मला आवडलेली गोष्ट ही, की तो घालायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. घरी पोचलो की काढून ठेवता येतो. ग्रुपवरचा मेसेज काढून ठेवता येत नाही.

ताई, माझा एकच प्रश्न आहे आणि तो रागाने विचारत नाही. तुम्ही त्याला विचारलंत का?

विक्रोळीची आई

नाही विचारलं. तुमचं वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसले होते. १४ वर्षांत त्याला भात की पोळी विचारलं, निळा शर्ट की पिवळा विचारलं. हे विचारायचं असतं, हे सुचलंच नाही.

पण एक सांगते. तो रस्त्यावर असताना ज्या ५० मिनिटांत मी धावत होते, तेव्हा कुणाला काय कळेल याची मला पर्वा नव्हती, आणि तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा नसेल. वॉचमनला कळायलाच हवं. दहिसरच्या बाबांची तीन माणसंही मला पटली. माझी चूक झाली असेल तर ती सगळ्यांना सगळं सांगण्याची.

दहिसरचा बाबा

मी अजूनही ग्रुपवर लिहिणार नाही. मात्र मुलुंडच्या काकांचं वाचल्यावर आज प्रमाणपत्राची तारीख घेतली. तीन वर्षं टाळत होतो, टक्क्यांत मोजलेली मुलगी बघायची नव्हती म्हणून.

परळच्या मित्रा, तुझ्या कार्डावरची वाक्यं मी मुलीसाठी वापरू का?

परळ, २७

वापरा. पण तिला कार्डावर कोणतं चित्र हवंय ते तिला निवडू द्या.

विक्रोळीची आई

काल शनिवार होता. त्याला कपडे निवडायला आम्ही फोटो वापरतो, तसेच इमारतीतल्या १२ जणांचे फोटो टेबलावर मांडले. एका बाजूला हिरवा कागद, एका बाजूला लाल. हिरवा म्हणजे "घरी येऊ दे", लाल म्हणजे "नको". हे त्याला शाळेतून माहीत आहे.

पहिला त्याने नव्या वॉचमनचा उचलला आणि हिरव्यावर ठेवला. मग चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा, ज्यांच्या दाराची बेल चिमणीसारखी वाजते. मंडळाच्या एका मुलाचा फोटो हातात घेऊन "टाळी" म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तोही हिरव्यावर.

तळमजल्याच्या काकूंचा फोटो त्याने लालवर ठेवला. मी परत मधे ठेवला, त्याने परत लालवर सरकवला आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. मग माझ्या लक्षात आलं. काकू आल्या की मायेने त्याच्या केसांतून हात फिरवतात. केसांना हात लावलेला त्याला सहन होत नाही, न्हाव्याकडेही अर्धा दिवस जातो. चार रविवार तो हे सोसत होता आणि मी भाजी घेऊन हसत परत येत होते.

मघाशी खाली जाऊन त्यांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, डोळे भरून आले. मग विचारलं, "मग कुठे हात लावलेला चालतो?" मी म्हटलं, तळहात पुढे करा, त्याला वाटलं तर तो टाळी देईल. पुढच्या रविवारी मी बाजारात जाणार नाही. दोघांबरोबर घरीच बसणार आहे.