निगेटिव्ह स्कॅन करताना रंगीत कडी येतात, स्कॅनर बदलू का?

गोदाकाठी:
मंडळी, आजोबांच्या ट्रंकेत ३५ मिमीच्या निगेटिव्ह सापडल्या. नाशिकच्या १९६९च्या महापुराच्या ब्लॅक अँड व्हाइट, २००३च्या सिंहस्थाच्या रंगीत. झाकणात दिवा असलेला सेकंडहँड फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर घेतलाय. पट्टी थेट काचेवर ठेवली की आभाळात पेट्रोल सांडल्यासारखी वेटोळी. डस्ट रिमूव्हल, म्हणजे धूळ पुसायची सोय, चालू केलं तर पुरातल्या माणसांचे चेहरे मेणासारखे वितळलेले. कॉलेज रोडला एकाने फ्रेममागे सांगितलेला भाव ऐकून गुपचूप परत आलो.

डार्करूमवाला:
स्कॅनर ठीक आहे हो. ती न्यूटनची कडी. गुळगुळीत फिल्म काचेला अर्धवट चिकटली की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे उमटतात. पट्टी दिव्याखाली तिरकी धरा. एक बाजू चकचकीत दिसेल, दुसरी मंद. मंद बाजू, म्हणजे इमल्शन (चित्राचा थर), काचेकडे ठेवा. फोटो आरशातल्यासारखा उलटा येईल, तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिरवायचा.

डस्ट रिमूव्हल इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतं. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेड आरपार सोडतात, धूळ अडवते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं, तीही अडवते. मग सॉफ्टवेअरला अख्खा माणूस धूळ वाटतो! पुरासाठी बंद ठेवा, सिंहस्थासाठी खुशाल चालू.

आणि २४०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरे. साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात.

गोदाकाठी:
कडी गेली! फोटो फिरवल्यावर रामकुंडाजवळच्या दुकानाची पाटी सरळ वाचता आली. आधी दुतोंड्या मारुतीवरून उलटसुलट ठरवत बसलो होतो, पण त्याला दोन्हीकडे तोंड. आता दोन पट्ट्या गुंडाळी होतायत आणि एकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग आहेत. ओल्या कापसाने पुसू?

पंचवटीकर:
अजिबात नको! ती बुरशी. चित्र ज्या थरात असतं ते जिलेटिन बुरशीने खाल्लं की पाण्यात विरघळतं. आईच्या लग्नातली एक पट्टी मी अशीच बेसिनमध्ये धुतली, सप्तपदी वाहून गेली. अजून ऐकून घेतोय. तुमची डागांची पट्टी आहे तशीच आधी स्कॅन करा, मग ओल शोषणारं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर घ्या. गुंडाळी झालेल्या पट्ट्या स्लीव्हमध्ये घालून आठवडाभर जाड पुस्तकांखाली दाबा.

गोदाकाठी:
पुस्तकांऐवजी पाटा चालेल? घरात जड तोच आहे.

पंचवटीकर:
चालेल. आधी चटणी पुसा.